काळ्या पट्टीखालचा नंबर

मी एक जुना संगणक आहे. शाहूपुरीत इलाहीभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात माझा जन्म गेला. मित्रांनो, आमच्या कोल्हापुरात कुणाचा वाढदिवस घरात साजरा होवो न होवो, चौकात होतोच! ते सारे फ्लेक्स माझ्याच पोटातून निघाले. कुणाच्या टकलावर मी केस उगवले, कुणाच्या म्हशीच्या शिंगांना चकाकी आणली. लोक पाठ मात्र इलाहीभाईंची थोपटत. माझ्यावरची धूळसुद्धा कुणी पुसली नाही. राग यायचा, खोटं कशाला बोलू?

आज मुरगूडचे गणपतराव मुलीला, राजनंदिनीला, घेऊन आले. तिला नोकरी लागली होती. फोटोत ती नवं ओळखपत्र हातात धरून उभी होती. त्यावर पत्ता, मोबाइल नंबर, सगळं स्पष्ट दिसत होतं.

"भावकी म्हणतीया, पोरीला नोकरी लागलीच न्हाई. पुराव्यासकट लावा चौकात!" गणपतराव गरजले.

राजनंदिनीचा चेहरा उतरला. मागे एका फ्लेक्सवर तिचा नंबर छापला गेला होता. तेव्हा अनोळखी लोकांच्या फोनांनी तिला इतकं भंडावलं, की तिनं तो नंबरच बंद केला.

"आबा, ह्यो नवा नंबर तरी माझा मला राहू द्या की."

"बस हितं. तूच झाक," म्हणत इलाहीभाईंनी तिच्या हाती माउस दिला. फोटो कापायचा कसा, उजेड वाढवायचा कसा, हे ती हां हां म्हणता शिकली. मग नंबर आणि पत्त्यावर तिनं काळी पट्टी ओढली.

"झालं की! हीच फाइल आमच्या पुतण्याला धाडा. विश्वजित नेटवर टाकतोय," गणपतराव म्हणाले.

पण राजनंदिनीला चौकशा फार. "काका, पट्टीच्या खाली काय असतंय?" तिनं पट्टी जरा बाजूला सरकवली, तर नंबर जसाच्या तसा! मला ते ठाऊक होतं, पण मला तोंड कुठं होतं?

"अगं बया! झाकलं म्हंजे गेलं न्हाई व्हय?" गणपतराव चरकले.

इलाहीभाईंनी खालचा फोटो, वरची पट्टी असे सगळे थर एकत्र करून साधा फोटो करायला शिकवलं. तिनं पट्टी पुन्हा सरकवून पाहिली. आता ती हलेना. तेव्हा कुठं तिनं फोटो धाडला.

मग ती माझ्याकडं बघू लागली. "आणि ह्याच्या पोटातला पहिला फोटो?"

"ह्यो तर उद्या भंगारात चाललाय. भंगारवाला पिराजी न्यायला येणार हाय."

"मग पुसून द्या की, काका. सगळ्यांचंच."

इलाहीभाईंनी जुने फोटो एकदा वरखाली फिरवून पाहिले. त्यांची उमेदीची वर्षं माझ्यात होती. "खरं हाय, पोरी," शेवटी ते म्हणाले, आणि त्यांनी पुसायला सुरुवात केली.

मित्रांनो, प्रत्येक जुनी वस्तू म्हणते, मला जपा. मी म्हणतो, माझ्यात ज्यांचे चेहरे आहेत त्यांना जपा, आणि मला निरोप देण्याआधी नीट पुसा. वाईट वाटतं, नाही कसं? पण राजनंदिनीचा नंबर मला आता अर्धाच आठवतोय, आणि त्याचा मला फार आनंद आहे.