तीन पायऱ्यांचा जिना

मित्रांनो, मी एक जुना लाकडी जिना आहे. तीन पायऱ्या वर, तीन खाली आणि दोन्ही बाजूंना कठडा. मी कुठल्याच मजल्यावर जात नाही. इथे दवाखान्याच्या व्यायामाच्या खोलीत मेंदूच्या आजारातून उठलेली माणसं माझ्यावर चढउतार पुन्हा शिकतात. सुताराने मला घडवलं, तेव्हा कुणाला कुसळ लागू नये म्हणून माझे कठडे तळहाताने चाचपून पाहिले होते.

पुष्कळ वर्षं मला उसंत नव्हती. मग चालण्याचं विजेचं यंत्र आलं आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. पायऱ्यांवर खोकी रचली गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एकदा लिफ्टदुरुस्ती करणारे एक काका आले. पक्षाघाताने त्यांची डावी बाजू लुळी पडली होती. यंत्रावर ते बरे चालू लागले, पण व्यायाम करून घेणाऱ्या थेरपिस्ट बाईंना म्हणाले, "बाई, माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. आणि लिफ्ट नाही."

बाईंना हसू आवरेना. काकाही हसले. "दिव्याखाली अंधार, दुसरं काय."

घरी त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली होती. आजारी पडल्यापासून काका बहिणीकडे तळमजल्यावर राहत. चार महिने मायलेकांची भेट नव्हती. शेजारी म्हणत, "खुर्चीत बसवून नेतो." काका ऐकत नसत. "वर न्याल हो, पण रोज खाली कोण आणणार?"

त्याच दुपारी माझ्यावरची खोकी हलली.

"चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा," बाईंनी शिकवलं. पहिल्याच आठवड्यात काकांचा पाय कडेला अडकला आणि ते कठड्यावर कोसळले. मी करकरलो, पण जागचा हललो नाही. सोबत आलेल्या त्यांच्या बायको, काकू, धावल्या.

"थांब," काका म्हणाले, "माझं मी उठतो."

बराच वेळ लागला, पण उठले.

घरापर्यंत अठ्ठेचाळीस पायऱ्या होत्या, म्हणजे माझ्यावर सोळा फेऱ्या. दोन महिन्यांनी त्या एका दिवसात पुऱ्या झाल्या.

पुढच्या सोमवारी काकू बाईंना सांगत होत्या, "घरचा जिना चढताना दोनदा टेकले. पाऊण तास लागला. सासूबाई म्हणाल्या, 'इतका उशीर?' तर हे म्हणतात, 'लिफ्ट बंद होती.'"

मित्रांनो, माझा खिळा सैल झाला तर वेळीच ठोका. आणि कुणी हळूहळू चढत असेल, तर घाईने उचलून घेऊ नका. एक पायरी खाली उभे राहा.