गुनवोरचा घोटा

गोथेनबर्गच्या टोर्केलने कॉम्प्युटरवर माणसाच्या पायाचा एक नमुना बनवला होता. हाड न् हाड जागच्या जागी. गाडी आदळली की आतल्या माणसाचं कुठलं हाड मोडेल, ते हा पाय सांगायचा. त्यामुळे सासू गुनवोरची गाडी बर्फावरून घसरून भिंतीवर आदळली आणि तिचा घोटा मोडला, तेव्हा या शहाण्याने तीच टक्कर कॉम्प्युटरवर घडवून पाहिली. पाय शाबूत!

"एवढ्याशा धक्क्याने घोटा मोडत नाही," तो घरी बोलून गेला. "पाय पेडलवर वाकडा पडला असणार."

त्याच्या बायकोला, लिवला, तेवढंच निमित्त हवं होतं. "आईला आता गाडी झेपत नाही," म्हणत तिने आईची गाडी विकायला काढली. गुनवोरचं घर गावाबाहेर एका टोकाला. गाडी गेली की म्हातारी घरात कोंडलीच म्हणायची.

शनिवारी टोर्केल दालचिनीचे पाव घेऊन तिच्याकडे गेला. ती प्लास्टरचा पाय उशीवर टाकून बसली होती.

"या, पायांचे पंडित! काय रे, तुझ्या त्या कॉम्प्युटरमधल्या माणसाने ब्रेक मारला होता का?"

"पाय ब्रेकवरच होता की."

"नुसता ठेवलेला, की दाबलेला? धर हा." तिने दुसरा, धड पाय त्याच्या तळहातावर टेकवला आणि असा रेटला, की जावई खुर्चीसकट मागे सरकला. "आता पोटरी चाचपून बघ."

पोटरी दगडासारखी घट्ट झाली होती. टोर्केलचा घास तोंडातच राहिला. त्याने ज्या पायांवरून हाडांची ताकद मोजली, ते सगळे देहदान केलेल्यांचे होते. मेलेला माणूस ब्रेक कशाला मारेल? पोटरी टाच वर ओढते, खालून पेडल रेटतं आणि हाड मधे भरडलं जातं, हे त्याच्या गणितात नव्हतंच.

सोमवारी त्याने कॉम्प्युटरवरच्या पायाची पोटरी ताणली आणि पुन्हा टक्कर घडवली. घोटा मोडला, नेमका गुनवोरचा मोडला होता तिथेच. त्याने उड्या मारतच फोन लावला.

"मोडला, गुनवोर! पाय सरळच होता तुझा. जीव खाऊन ब्रेक दाबलास, म्हणून मोडला. चूक माझी होती."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. टोर्केलला आपल्या उड्यांची लाज वाटली.

"मला काय सांगतोस? मला माहीतच होतं," ती म्हणाली. "लिवला सांग. आणि माझ्यासमोर सांग."