धूर नायगावकडं निघाला तेव्हा

जानेवारीतल्या त्या मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला उपग्रहाचं चित्र संगणकावर उतरलं आणि विशाखानं ते मोठं करून पाहिलं. भोकरच्या शिवारावर जागोजाग लाल ठिपके होते. कुणी कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या, कुणी उसाचं पाचट. त्या जाळांचा करडा पट्टा दक्षिणेला सरकत होता. वारा असाच राहिला तर पहाटेपर्यंत तो नायगाववर येणार होता आणि थंडीमुळं तिथंच बसून राहणार होता.

नांदेडच्या हवामान केंद्रात येऊन तिला दीड वर्ष झालं होतं. त्याआधी ती लातूरला होती. तिथं असंच एक चित्र पाहून तिनं धुळीचा इशारा दिला, शाळांनी सहली रद्द केल्या आणि दिवसभर लख्ख ऊन पडलं. उपग्रह वरून बघतो. धूळ आहे एवढं तो सांगतो, पण ती आभाळात उंच आहे की माणसाच्या नाकाशी, हे त्या चित्रावरून कळत नाही. ती धूळ वरच्या वर निघून गेली. पुढं कितीतरी दिवस लातूरकर तिला ‘धुळवाल्या मॅडम’ म्हणत होते.

जमिनीवर हवा मोजणारं यंत्र होतं, पण ते नांदेड शहरात. नायगावला काहीच नव्हतं. आणि उद्या सकाळी साडेसहाला नायगावला तालुक्यातल्या शाळांची दौड होती. चारशे लेकरं धावणार होती. त्यांत विशाखाची भाची महामायाही होती, दम्याचा पंप खिशात घेऊन पळणारी.

पहिला फोन तिनं भावाला केला.

“आनंदा, उद्या मायाला पाठवू नको. हवा खराब राहील असं वाटून राहिलंय.”

“शाळेला सांगितलंस का, ताई?” आनंदराजनं विचारलं.

“अजून न्हाई. पक्कं न्हाई ना.”

“मग आपल्याच पोरीला घरी ठेवू? बाकीच्यांच्या लेकरांला छाती न्हाई का?”

तिनं फोन ठेवला. तो बोलला त्यात खोटं काय होतं? आपलं हसं होऊ नये म्हणून ती जगासमोर गप्प बसायला निघाली होती, घरच्यांना मात्र सांगत होती.

भोकरजवळचे शेतकरी भुजंगराव पावसाचा अंदाज विचारायला नेहमी फोन करत. आज तिनं त्यांना केला.

“काका, तुमच्याकडं धूर वर चढून राहिला का आडवा चाललाय?”

“आडवा. भोपळ्याच्या वेलावानी जमीन धरून चाललाय. खोटं कशाला बोलू मॅडम, त्यातला एक जाळ माझाबी हाय. रान साफ करायला माणूस भेटंना. राहिलेलं उद्या पेटवीन. केस करता का काय?”

“न्हाई, काका. वारा कुणीकडं हाय?”

“नायगावकडंच की.”

तिनं इशारा लिहून पाठवला आणि दौडीची जबाबदारी असलेल्या मुख्याध्यापिका सुकन्याबाईंना फोन लावला. बाई वैतागल्याच.

“अवो मॅडम, टेंपो ठरले, पाव्हणे ठरले. लेकरं पंधरा दिवस सराव करून राहिलीत. शंभर टक्के सांगता का?”

‘हो’ विशाखाच्या अगदी ओठांवर आलं होतं. हो म्हटलं असतं तर बाईंनी लगेच ऐकलं असतं.

“न्हाई. दहातले सात. चित्रात धूर दिसतो, आणि तो जमिनीलगत आहे असं एका माणसानं डोळ्यांनी बघून सांगितलंय. एवढंच माझ्याजवळ आहे. पण मी तुमच्या जागी असते तर अकराच्या आधी एका लेकराला पळवलं नसतं.”

“बघते,” म्हणून बाईंनी फोन ठेवला.

सकाळी सहाला विशाखा गच्चीवर आली. नांदेडचं आभाळ धुतल्यासारखं होतं. शहरातल्या यंत्राचा आकडाही चांगला. पुन्हा लातूरसारखंच झालं का? बाईंना फोन लावला; उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. आनंदराजचा लागेना. साडेसहा वाजून गेले. दौड सुटली असेल का? निदान नायगावात तरी धूर असू दे, असं मनात येऊन गेलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

सातला बाईंचा फोन आला. आवाज बसलेला.

“मॅडम, समोरचा झेंड्याचा खांब दिसंना. डोळे चुरचुरून राहिलेत. दौड अकराला ठेवली, पण लांबचे टेंपो आधीच निघाले होते. लेकरांला वर्गात बसवून खिडक्या लावून घेतल्या.”

“कुणाला त्रास?”

“शिवकांता म्हणून एक पोरगी हाय सातवीतली. लई खोकायली, ओठ निळे पडले. तिला दमा हाय हे तिच्या आईलासुद्धा ठावं न्हाई. दवाखान्यात नेलं, वाफ दिली. आता बोलून राहिली. ती पळाली असती तर...”

विशाखानं वहीत लिहून घेतलं: नायगाव, सकाळी सात, झेंड्याचा खांब दिसत नाही.

साडेदहानंतर ऊन तापलं तसा धूर उचलला. दौड साडेअकराला झाली. महामाया सतरावी आली. बाईंनी ते सांगायला फोन केला आणि जाता जाता विचारलं, “उद्या परिपाठाला लेकरं मैदानात बसवू का?”

विशाखानं घड्याळ पाहिलं. उपग्रह अजून वरून गेलाही नव्हता.

“दुपारचं चित्र येऊ द्या, मग सांगते,” ती म्हणाली, आणि तिनं भुजंगरावांचा नंबर लावला. आजचा जाळ चार दिवस लांबवता येईल का, हे त्यांना विचारायचं होतं.