बेंबीखालची किडनी

डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर लावली. "ही डावी किडनी. असायला हवी कमरेच्या वर, पण राहिलीय इथं, बेंबीखाली. जन्मापासूनच. आणि त्यात हा खडा."

सुताराने मान पुढे काढून पाहिलं. लेक बाहेर बाकावर पोट धरून बसली होती.

"पाठीतून नळी घालता येणार नाही, हाड आडवं येतं. पोटाला तीन बारीक भोकं पाडायची, कॅमेऱ्यात बघत आतडं बाजूला सारायचं आणि खडा काढायचा. घरात आणखी कुणाची किडनी अशी होती?"

"नाही बुवा."

सोबत आलेल्या थोरल्या मेहुणीने चष्मा पुसायला घेतला. तिची अख्खी नोकरी नर्स म्हणून गेलेली. "पोरीच्या आईची," ती पुटपुटली.

सुताराने तिला जिन्यात गाठलं. "आक्का, कधीपासून माहीत होतं?"

"लग्नाआधीपासून. सांगितलं असतं तर तुमच्याकडच्यांनी नकार दिला असता, भाऊजी."

"तिलाही माहीत होतं?"

"तिनेच मला शपथ घातली होती."

तो पायरीवर बसला. गेल्या वर्षी बायको तीन दिवस ओटीपोट धरून कण्हत होती. 'बायकांचं दुखणं ते, तुम्हाला काय कळतंय,' म्हणून वर हसली होती. तो मुकाट गरम पाण्याची पिशवी भरत राहिला. चौथ्या दिवशी तापाने फणफणली. दवाखान्यात नेलं, पण तपासण्याआधीच ती गेली. आपण उशीर केला, म्हणून वर्षभर तो स्वतःला खात होता.

"दुखत होतं तेव्हा मी फोनवर म्हटलं होतं तिला, खरं सांग आणि दवाखान्यात जा. म्हणाली, आता यांना काय तोंड दाखवू?"

बावीस वर्षं एका छपराखाली काढली, आणि तिने त्याला परकाच धरला होता. आता भांडायचं तरी कुणाशी?

"झालं ते झालं," मेहुणी म्हणाली. "पोरीचं लग्न ठरतंय. भोकं बारीक असतात, दिसायचीही नाहीत. त्या लोकांना अपेंडिक्स म्हणून सांगू."

सुतार उठला आणि थेट बाकापाशी गेला. जे कळलं ते सगळं त्याने लेकीला सांगितलं.

"आईला माहीत होतं?"

"होतं. मला नाही सांगितलं. तू त्या मुलाला सांग."

"अहो, मोडेल लग्न!" मेहुणी मागून म्हणाली.

"मोडू दे."

पोरीने मावशीकडे पाहिलं. मग फोन काढला. "मीच बोलते. पण बाबा, तुम्ही इथंच बसा."

तो बसला.