आधी शांत हो, मग उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. डोक्याखाली घ्यायची नव्हे, मांडीवर ठेवायची, चांगली वजनदार. मायाळू म्हणून माझं नाव आहे, पण आज मी माझ्या सुडाची गोष्ट सांगणार आहे.

चिमीच्या आईने मला बाबांच्या जुन्या पँटच्या कापडातून शिवलं आणि पोटात वाळलेले वाटाणे भरले. चिमी स्वमग्न आहे. वर्गात बाकं सरकली, घंटा वाजली, सगळे एकदम बोलू लागले, की तो आवाज तिला टोचतो. मग ती डुलते, हुंकारते, स्वतःचं मनगट चावते. अशा वेळी मी तिच्या मांडीवर बसायचे, झोपलेल्या मांजरासारखी. हळूहळू तिचा श्वास खाली उतरायचा.

मग नव्या बाई आल्या. "एवढी घोडी झाली, अजून उशी लागते?" म्हणाल्या आणि मला कपाटावर भिरकावलं. आईने समजावून पाहिलं. बाई म्हणाल्या, "अहो ताई, शांत बसली की देईन ना! बक्षीस म्हणून."

ऐकलंत? म्हणजे आधी कोरडी हो, मग छत्री!

चिमी खालून हात वर करायची. "उशी."

"आधी शांत हो, मग उशी."

तिच्या मनगटावरचे दातांचे वण मी वरून बघत होते. तिथेच मी डूख धरला.

बाईंना कपाटाचं दार धाडकन लावायची सवय. दर दणक्याला मी जराजरा कडेला सरकले. एक दिवस असा दणका बसला, की मी सुटले ती थेट त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर.

"आई गं, मेले! पाणी द्या गं कुणीतरी!" बाई खाली बसून किंचाळल्या.

चिमी आपली बाटली घेऊन समोर उभी राहिली. शिकवलेलं तिने जसंच्या तसं म्हटलं, "आधी शांत व्हा, मग पाणी."

दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. "चिमे, हे कुणी शिकवलं तुला?"

"बाईंनी."

मोठ्या बाईंनी तिचं मनगट पाहिलं. मला उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. बाई गप्प झाल्या, तसं चिमीने पाणी लगेच दिलं. नियमाची पक्की आहे ती.

आता माझा मुक्काम चिमीच्या खुर्चीत. बाईंचं नख काळं पडून गळलं. नवं आलं तेव्हा मला जरा वाईटच वाटलं.

मित्रांनो, कुणाच्या मांडीवर, कानांवर, मुठीत असं काही दिसलं, तर ते हिसकावू नका. हिसकावलंत, तर निदान उंचावर ठेवू नका. आम्हाला सरकता येतं.