दिवा लाल असताना

नीळकंठ करंदीकर बंदूक चालवायला शिकतोय, हे शुभदाने फोनवर सांगितलं तेव्हा पुण्याहून तिच्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, त्याला साधं झुरळ मारवत नाही." आणि त्यांचं काही खोटं नव्हतं. एनस्खेडे या डच शहरातल्या विद्यापीठात दिवसभर प्रोग्रॅम लिहिणारा हा माणूस सायकलवरून जाताना बदकांसाठी थांबायचा. कुणावर आवाज चढवणं त्याला कधी जमलंच नाही.

हे सगळं शेजारच्या बेरेंडमुळे झालं. बेरेंड बहात्तर वर्षांचा. कापडगिरणी बंद पडेपर्यंत मागांचा फिटर होता. तिथल्या रिवाजाप्रमाणे त्याला नुसतं 'बेरेंड' म्हणायचं, पण आपल्या माणसाची जीभ अशी सहज वळते होय? नीळकंठ मनातल्या मनात 'काका' जोडून घ्यायचा. एका शनिवारी बेरेंड त्याला पाहुणा म्हणून आपल्या नेमबाजी क्लबात घेऊन गेला आणि एक लांब पेटी उघडली.

आत अमेरिकन लिव्हर रायफल होती, १९१० सालची. अक्रोडाचा दस्ता हाताळून हाताळून काळाभोर झालेला, आणि जिथे धरून ती वाहून न्यायची तिथलं निळं पोलाद झिजून चांदीसारखं पांढरं पडलेलं. दस्त्याच्या गळ्याखाली लोखंडाची एक कडी, चार बोटं मावतील एवढी. तीच लिव्हर.

"गोळी नंतर," बेरेंड म्हणाला. "आधी नुसती कडी ओढ. सावकाश. आणि आत बघ."

नीळकंठने खोटं काडतूस भरून कडी खाली ओढली. मागचा दांडा सरकत आला आणि दांड्यानेच घोडा मागे दाबून बसवला. नळीखालून काडतूस एका चिमुकल्या पाळण्यावर आलं, पाळणा वर उचलला गेला. कडी परत वर घेतली तसं काडतूस अलगद नळीत शिरलं आणि मागून सगळं घट्ट बंद झालं. हाताची एक ओढ आणि एक ढकल, बस. वीज नाही, बॅटरी नाही, एक ओळ कोड नाही. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी कागदावर पेन्सिलीने हे आखलं होतं, आणि ते अजून एका केसाने चुकत नव्हतं.

त्याने ते वीस वेळा केलं. एकविसाव्या वेळी त्याचे डोळे भरून आले, आणि पस्तिशीचा बाप्या लोखंड बघून रडतो म्हणून त्याची त्यालाच लाज वाटली. बेरेंडने दुसरीकडे बघत कॉफी ढवळली.

पुढे खरी गोळीही झाडली. खांद्याला दणका बसला, कानांवरच्या टोप्यांतूनही धडाका छातीत उतरला, आणि कडी ओढताच पितळी पुंगळी गरागरा फिरत वर उडाली. पण घरी येऊन शुभदाला त्याने सांगितलं ते पाळण्याचंच. शुभदा पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "तू अण्णांवर गेलायस."

अण्णा म्हणजे नीळकंठचे वडील. भोसरीला त्यांचं छोटं वर्कशॉप होतं, एक लेथ आणि चार माणसं. खंडेनवमीला लेथला झेंडूची माळ घालायचे, पान्यांना हळदकुंकू लावायचे, आणि त्या दिवशी मशीनला हात लावू द्यायचे नाहीत. एरवी मात्र एकच शिकवण. पाना असो, हातोडी असो, चुकून पाय लागला की वाकायचं, हात लावायचा आणि तो कपाळाला टेकवायचा. नीळकंठने हे इतक्या लहानपणी उचललं होतं की आपण ते करतो हेसुद्धा त्याला कळायचं नाही.

बेरेंडचे गुडघे गेले होते, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. "पुढच्या वर्षी डिसेंबरात परवाना परत करतो," तो म्हणाला. रायफलीचं काय? क्लबातल्या लोकांना नव्या, दुर्बिणी लावलेल्या बंदुका हव्या होत्या. बंदुका विकणाऱ्या दुकानदाराने तोंडावर सांगितलं की सुटे भाग काढून बाकीचं भंगारात जाईल. परवाना असलेला घेणारा नसेल तर पोलिसांकडे जमा, आणि तिथून भट्टीत. चव्वेचाळीस वर्षं जिच्यावर बोटाचा ठसा राहू दिला नाही ती भट्टीत जाणार, हे सांगताना बेरेंड फडक्याने नळी पुसत होता. मग तो म्हणाला, "तू घेशील?"

घेशील काय विचारता? नीळकंठला त्या रात्री झोप लागली नाही.

पण त्या देशात बंदूक अशी उचलून घरी नेता येत नाही, आणि बरंच आहे ते. वर्षभर क्लबात उमेदवारी करायची, अठरा वेळा नेमबाजी करून पुस्तिकेत अठरा शिक्के घ्यायचे, मग क्लबच्या समितीने सही केली तर पोलिसांकडे अर्ज. नीळकंठने नवशिक्यांसाठी ठेवलेला एकही शनिवार चुकवला नाही. थंडीत बोटं बधिर झाली तरी गेला. नोव्हेंबरात सतरा शिक्के झाले. अठराव्याच्या दिवशी तो बेरेंडला म्हणाला, "आज संपलं की पुढच्या आठवड्यात सही." बेरेंडने नुसती मान डोलावली, पण त्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

गोळीबाराची रेंज सांभाळायला आनेके होती. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, सडसडीत, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि नीळकंठला नुसतं 'नील' म्हणणारी. तिचा मुख्य नियम एकच. लाल दिवा लागला की माणसं पुढे लक्ष्यांपाशी गेलेली असतात, तेव्हा मागे राहिलेल्यांनी बंदुकीला हात लावायचा नाही. रिकामी असो, उघडी असो, कुणाचीही असो. हात नाही म्हणजे नाही.

लाल दिवा लागला. पाच जण पुढे गेले, त्यात बेरेंडही. तो कागदावरची भोकं ठिगळांनी बुजवायला लागला. रायफल लाकडी घोडीला टेकून उभी होती, दस्ता जमिनीला, कडी उघडी. नीळकंठ थर्मास घ्यायला वळला आणि त्याच्या बुटाचं टोक दस्त्याला लागलं.

तो वाकला. दस्त्याला बोटं लावली. बोटं कपाळाला टेकवली.

"थांब," मागून आनेकेचा आवाज आला. ती ओरडली नाही. "मागे हो. भिंतीपाशी उभा राहा." तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण काय केलं.

समिती आठवड्याने बसली. तिघं जण, टेबलावर त्याची पुस्तिका. आनेकेने विचारलं, "हात का लावलास?"

नीळकंठने खोटं बोलायचा विचारही केला नाही. त्याने अण्णांचं सांगितलं, लेथचं, पाय लागण्याचं. डच भाषेत ते सांगताना त्याला घाम फुटला. तिघांनीही मध्ये न बोलता ऐकलं. कुणी हसलं नाही.

"माझा विश्वास आहे," आनेके म्हणाली. "म्हणूनच मला जास्त काळजी वाटते. ठरवून हात लावणाऱ्याला मी सांगू शकते की लावू नकोस. तुझा हात तुला न विचारता जातो."

पाच माणसं पुढे होती. त्यातला एक बेरेंड होता. सही मिळाली नाही. उमेदवारी आणखी एक वर्ष, शिक्के पहिल्यापासून.

बाहेर गाडीपाशी बेरेंड उभा होता. नीळकंठने सांगितलं आणि म्हणाला, "माफ करा. ती गेली माझ्यामुळे." त्याला अण्णांची लेथ आठवली. ती विकली तेव्हा अण्णा असेच हात खिशात घालून ट्रककडे बघत उभे राहिले होते.

बेरेंड त्याच्याकडे वळला. मग विचारलं, "पाय लागला म्हणून माफी मागितलीस? तिची?"

"हो."

"हं," बेरेंड म्हणाला आणि गाडीत बसला.

पुढच्या शनिवारी सकाळी दारावरची घंटा वाजली. नीळकंठची मुलगी ईशानी दार उघडून आत ओरडली, डचमध्येच, की बेरेंड आलाय, आणि त्याच्याकडे ती लांब पेटी आहे. बेरेंडने दारातच खिशातून आपली जुनी पुस्तिका काढली. "तुझं वर्ष होईपर्यंत परवाना ठेवायचा तर मलाही वर्षाला अठरा शिक्के लागतात," तो म्हणाला. "डोळा नीट दिसत नाही. पण कागदाला लागलीच पाहिजे असं कुठे लिहिलंय? तू गाडी चालव."

नीळकंठने गाडीची किल्ली घेतली. शुभदाने आतून दोघांसाठी डबा आणून दिला.

त्या हिवाळ्यात ते दोघं शनिवारमागून शनिवार जात राहिले. बेरेंडच्या गोळ्या कुठेही जायच्या. थंडीने त्याची बोटं आखडायची, मग नीळकंठ एकेक काडतूस त्याच्या तळहातावर ठेवायचा आणि बेरेंड ते बाजूच्या झडपेतून आत सारायचा. पण कडी ओढताना त्या हातात कुठून बळ यायचं कोण जाणे. माग चालू करावा तशी एका झटक्यात खाली, एका झटक्यात वर.

एप्रिलमध्ये एकदा लाल दिवा लागला. चार जण पुढे गेले. बेरेंड मागेच खुर्चीवर बसला होता. नीळकंठ त्याला पाणी द्यायला वळला आणि त्याचा बूट दस्त्याला लागला.

हात निघाला. गुडघ्यापर्यंत खाली गेला. तिथे डाव्या हाताने उजव्याचं मनगट पकडलं. तसाच अर्धवट वाकून तो उभा राहिला, मग हळूहळू सरळ झाला, आणि मनगट सोडलं नाही. पुढची माणसं रमतगमत ठिगळं लावत होती. एक जण तर टेपचा गुंडाळा शोधत परत फिरला. चार मिनिटं झाली असतील. एवढा वेळ कुणाची माफी मागायची राहून गेल्याचं नीळकंठला आठवत नव्हतं.

माणसं परतली. आनेकेने त्यांना मोजलं, दोनदा. दिवा हिरवा झाला. बेरेंड काडतूस मुठीत धरून उठला, पण रायफलीपाशी गेला नाही. बाजूला सरून उभा राहिला.

मागून आनेके म्हणाली, "नील. आता."

नीळकंठ वाकला, दस्त्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.