नवऱ्यांचं स्टूल

आईच्या डाव्या स्तनात कॅन्सर निघाला तेव्हा आमच्या घरात 'स्तन' हा शब्द कुणी उच्चारला नाही. शालिनीआत्या 'तिकडचं' म्हणाली, काका 'लेडीज प्रॉब्लेम' म्हणाले. अवयवाचं नाव घ्यायला लाजतात, पण तो काढल्यावर नवा करायचा की नाही यावर प्रत्येकाचं मत तयार! "साठीनंतर कुणाला दाखवायचंय?" हे आत्याचं. सख्ख्या नणंदेचं.

माझी आई विजयाबाई एकसष्ट वर्षांची. शिंदे की छावनीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत अडतीस वर्षं ब्लाउज शिवते. तिचा एकच नियम: नाप जिचं, ती बोलेल. बरोबर नवरा असो की सासू, बाहेर. दाराशी एक लाकडी स्टूल आहे, त्याला आम्ही नवऱ्यांचं स्टूल म्हणतो. आबा, म्हणजे माझे वडील विश्वासराव, फौजेतून रिटायर झाल्यापासून, वीस वर्षं, त्या स्टुलावरच्यांना चहा पाजतात. कुणी आत डोकावून "गला ज़्यादा गहरा मत रखना" म्हणालं की दटावतात, "भाईसाब, पहनना आपको है क्या?"

तेच आबा सिटी सेंटरला सर्जनकडे सगळं विसरले.

डॉक्टर अंतरा माझ्याच वयाची. तिने कागदावर चित्र काढून समजावलं. गाठ मोठी आहे, पूर्ण स्तन काढावा लागेल. पुढे सिलिकॉनचं इम्प्लांट बसवता येतं, पण ते जन्मभर पुरेलच असं नाही, बदलावं लागू शकतं. नाहीतर पोटाचीच कातडी आणि चरबी घेऊन नवा स्तन घडवता येतो. ते ऑपरेशन सहा-सात तासांचं, आणि पोटावरही व्रण राहतो. स्तन काढल्यावर शेक, म्हणजे रेडिएशन, द्यावा लागणार, त्यामुळे हे वर्षभराने केलं तरी चालतं. किंवा काहीच करायचं नाही. सपाट राहायचं, वाटलं तर पॅड घालायचं.

"यातलं काहीच चूक नाही, काकू. तुमच्या मनात काय आहे?"

आईने तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "अब इस उमर में क्या ज़रूरत? काढून टाका, बस."

मी भडकले. "उमर काय बघता? इम्प्लांट लावा, डॉक्टर. तिला पाहिजे आहे."

आई टेबलावरचा इम्प्लांटचा नमुना तळहातावर तोलत होती. तो खाली ठेवून म्हणाली, "उद्या सांगते."

परतताना ई-रिक्षात, फूलबागेपाशी, आई समोर बघतच म्हणाली, "घरी गेल्यावर दोघांनी स्टुलावर बसायचं. मावत नसाल तर आळीपाळीने."

घरी ती आत गेली आणि मशीन चालू केली. आबा स्टुलावर बसले, मी पायरीवर. मला त्यांचं तोंडही बघायचं नव्हतं.

"सात तास, हर्षिता," आबा हळूच म्हणाले. "शुगर आहे तिला. उठलीच नाही तर? मला काय करायचंय त्या बाकीच्याचं? मला ती पाहिजे."

"मग हे तिला सांगा ना! उमर कशाला मध्ये आणली?"

"हे सांगितलं असतं तर ती माझ्यासाठी नको म्हणाली असती."

सरहद्दीवर पंधरा वर्षं काढलेला माणूस, आणि अक्कल एवढीच. पण मी तरी काय केलं होतं? आईला विचारलं होतं? आतली मशीन मधेच थांबली होती. ती पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरच्या दारात आबांनी माझा दंड धरला. "आपण बाहेर."

"पण आबा..."

"नाप कुणाचं?"

आई एकटी आत गेली. अर्धा तास आम्ही बाकावर बसलो. या वेळी चहा पाजायला कुणी नव्हतं.

आई बाहेर आली ती पिशवी सावरत, गिऱ्हाईक निपटल्यासारखी. "आधी काढायचं. मग शेक. वर्षभर ब्लाउजला आतून खिसा शिवून पॅड घालीन, तो कच्चा टाका समजा. नंतर पोटाचं. शुगर ताब्यात असेल तरच, असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलंय."

"आणि सिलिकॉन?" मी विचारलं.

"बाहेरचा माल कशाला? कापड घरचं आहे, तेही भरपूर."

"आत्या विचारेल, कुणाला दाखवायचंय."

"मला! जन्मभर दुसऱ्यांचे ब्लाउज आरशापुढे बसवले. माझाही बसलेला बघायचाय मला. सांग तिला."

आबा फरशीकडे बघत होते. "सात तास लागतात, विजया."

"माहीत आहे. काल तुमचं सगळं ऐकलंय, दार काय लोखंडाचं आहे?" आई त्यांच्या शेजारी बसली. "वीस वर्षं परक्या नवऱ्यांना बसवलंत ना बाहेर? आता माझ्यासाठी सात तास बसा."

आबांनी बाकावर हात दाबून पाहिला.

"कडक आहे," ते म्हणाले. "गादी शिवून दे."